दप्तर तिने स्वतःच पालथे केले

वाचकाचे पत्र (थोडक्यात) : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग शिकवते. गावाबाहेर ओढ्याकाठी फासेपारध्यांची सहा-सात पालं आहेत. त्यांतली एक मुलगी दोन वर्षांपासून, मध्ये मध्ये खंड पडत का होईना, शाळेत येते. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलाचे सहलीचे तीनशे रुपये नाहीसे झाले. आमच्याकडचे ज्येष्ठ सर वर्गात आले आणि त्यांनी फक्त तिला पुढे बोलावले. ते काही म्हणण्याच्या आतच तिने दप्तर टेबलावर पालथे केले आणि फ्रॉकचा खिसाही उलटा करून दाखवला. पैसे निघाले नाहीत. नंतरही कुठे सापडले नाहीत. मी शेजारीच उभी होते आणि काही बोलले नाही. त्या दिवसापासून ती आलेली नाही. तिची एक वही टेबलावर राहिली, ती माझ्या कपाटात आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात आता 'पालावरची मुले आपल्या मुलांत नकोत' असे संदेश फिरत आहेत आणि पुढच्या बैठकीत तसा ठराव आणायची भाषा चालली आहे. मी पालावर जाऊ का? जाऊन काय बोलू? सरांना दुखवायचे का? आणि समजा, पैसे खरोखर तिनेच घेतले असतील तर? – एक शिक्षिका

बाई,

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथेच बसली आहे. पैसे तिने घेतले की नाही हे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, सरांनाही माहीत नाही. ते माहीत होईपर्यंत माफी मागता येत नाही, असे तुम्हाला कुठेतरी वाटते आहे, आणि म्हणून महिनाभर तुम्ही जागच्या जागी उभ्या आहात. समजा, उद्या ते तीनशे रुपये दुसऱ्या एखाद्या मुलाच्या कंपासपेटीत सापडले, तर तुम्ही धावत पालावर जाल आणि म्हणाल, 'तू निर्दोष होतीस, आमचे चुकले.' ही माफी तुम्हाला सोपी वाटेल, पण तिचा अर्थ असा होईल की पुढच्या वेळीही दप्तर तिचेच आधी तपासले जाईल आणि काही न निघाल्यास नंतर दिलगिरी व्यक्त केली जाईल. वर्गात त्या दिवशी प्रश्न होता की पैसे कुठे गेले. सरांनी त्याचे उत्तर शोधले नाही. त्यांनी पालावरून कोण येते एवढेच पाहिले. चूक तिथे घडली आणि दप्तरातून पैसे निघाले असते तरीही ती चूकच राहिली असती. ज्या मुलीने कदाचित चोरी केली असेल, तिचीही माफी मागावी लागते, हे पचायला जड आहे याची मला कल्पना आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मला थोडे थांबायचे आहे. तुम्ही ती सहज लिहून गेला आहात. सरांनी सांगण्याआधीच तिने दप्तर पालथे केले. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवले? शाळेत पहिल्यांदाच नाव घेतले गेलेले मूल आधी 'मी नाही घेतले' म्हणते, रडते, शेजारच्याकडे बोट दाखवते. हिने यातले काहीच केले नाही. खिसा उलटा करून दाखवण्यापर्यंत तिला सारा क्रम पाठ होता. आसपासच्या कुठल्याही गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर येतात, ट्रंका उघडतात, गोधड्या झटकतात, पिठाच्या डब्यात हात घालतात, आणि घरातल्या पुरुषांना गाडीत बसवून नेतात, हे पारध्यांच्या मुलांनी पुस्तकातले पहिले अक्षर गिरवण्याआधी पाहिलेले असते. झडतीला विरोध केला की मार बसतो आणि आपणहून सगळे उघडून दाखवले की कधी कधी थोडक्यात सुटका होते, हा धडा तिने पालावर घेतला होता. तुमच्या वर्गात तिने तो म्हणून दाखवला. टेबलाच्या मागे उभे असलेले सर तिला त्या क्षणी कोणासारखे दिसले असतील, ते मी वेगळे सांगायला नको.

हा धडा फार जुना आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा काही जमातींत जन्मणारा माणूस पिढीजात गुन्हेगारच असतो, असा तर्क त्यामागे होता. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींतली चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारवस्तीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. तुमची विद्यार्थिनी बरोबर त्याच वयाची आहे. १९११ मध्ये हा कायदा आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. नोंदवलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, आणि हजेरी चुकली तर गुन्हा काही न करताही शिक्षा भोगायची, असा तो कारभार होता. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड वसवले गेले आणि त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. तुम्ही रोज सकाळी वर्गात जी हजेरी घेता, तो शब्द पारध्यांच्या आजी-आजोबांनी कोणत्या अर्थाने ऐकला होता, याचा विचार आपण शिक्षक मंडळी सहसा करत नाही. (मीही बरीच वर्षे शिकवले आहे, म्हणून 'आपण' म्हणते.)

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला आणि या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या, परंतु त्याची जागा राज्याराज्यांतल्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांनी घेतली आणि ठाण्यातल्या सवयी तशाच चालू राहिल्या. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत भटक्या आणि गुन्हेगार जमातींचे उल्लेख इतके टिकून होते की, सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात, म्हणजे तो कायदा गेल्यानंतर बहात्तर वर्षांनी, जातीवर आधारलेल्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावावे लागले. तुमचे सर काही इंग्रजांचा कायदा वाचून वर्गात आले नव्हते. पण त्यांचा हात आपोआप ज्या दप्तराकडे गेला, तो आपोआपपणा तिथून आला आहे.

याच मुलखात दुसरेही उदाहरण आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांना सगळे चोर म्हणत होते, त्यांना राहायला जागा देऊन पहाऱ्याच्या कामावर नेमले. सरांशी बोलताना हा दाखला उपयोगी पडेल. इतिहास ते शिकवत असतील, तर नक्कीच.

आपल्या भाषेचाही यात हात आहे. 'भामटा' हा शब्द आपण फसवणाऱ्याला लावतो, आणि 'राजपूत भामटा' हे शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतले एका जातीचे नाव आहे. वर्गात मुली मोठ्याने भांडू लागल्या की 'काय कैकाडणींसारख्या भांडताय' असे आपण म्हणून जातो आणि त्या वर्गात कैकाडी समाजाची एखादी मुलगी मान खाली घालून बसलेली असू शकते. मळलेले कपडे, विस्कटलेले केस, मोठा आवाज यांतले काहीही दिसले की आपल्या तोंडी कोणत्या ना कोणत्या भटक्या जातीचे नाव येते. शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर कान देऊन ऐका, आणि स्वतःचे बोलणेही त्यात धरा. तुमची ही मुलगी 'विचारले तरी बोलत नाही, काहीतरी लपवते' असे सर म्हणाले, हे तुम्ही पत्रात दुसरीकडे लिहिले आहे. पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची आहे. मराठी ही तिच्यासाठी शाळेतली, बाजारातली आणि चौकीतली भाषा आहे, तेव्हा घाबरल्यावर त्या भाषेत शब्द न सापडणे यात लपवाछपवी कसली?

एका जागी न राहणारा माणूस काहीतरी करून पळालेला असतो, अशी स्थिर गावाची पक्की समजूत असते, आणि गंमत म्हणजे तेच गाव पिढ्यान्‌पिढ्या अशा माणसांच्या वाटेकडे डोळे लावून बसत असे. विळ्या-कुऱ्हाडींना घिसाडी लागत, दगडाला वडार लागत, जात्याला टाकी लावायला टकारी लागत, आणि मेंढ्यांचा कळप रानात बसवावा म्हणून शेतकरी धनगरांना बोलावून धान्य देत असत. पारधी फासे लावून तितर-लावे धरत, म्हणून ते फासेपारधी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. कायदा हवाच होता, पण ज्यांचे पोट त्या फाशांवर होते त्यांना त्याबदल्यात ना जमीन मिळाली ना दुसरा धंदा. फिरणे हा त्यांचा हट्ट नव्हता. आज जी पालं ओढ्याकाठी दिसतात, त्यांतल्या कित्येकांना एका जागी राहायचे असते आणि गावच त्यांना राहू देत नाही.

पालकांच्या गटातले संदेश तुम्ही किरकोळ समजू नका, एवढेच या ठिकाणी सांगते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून पोटासाठी तिकडे गेले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही मोबाइलवरून फिरलेली अफवा त्याला पुरेशी ठरली. तुमच्या गटात उद्या तसा एखादा संदेश आला, तर पालांकडे बोट दाखवायला जमीन आधीच तयार झालेली आहे. त्या गटात तुम्ही असाल, तर शिक्षिका म्हणून दोन ओळी लिहा : पैसे कोणी घेतले हे ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना कोणत्याही मुलाचे किंवा वस्तीचे नाव घेऊ नये. वाद घालत बसू नका. एकदा लिहून ठेवणे पुरे.

आता पालावर जाण्याविषयी. जा, आणि याच आठवड्यात जा, कारण पालं हलली की ती पुन्हा केव्हा आणि कुठे पडतील याचा नेम नसतो. संध्याकाळी माणसे परत आलेली असतील तेव्हा जा. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांच्यापैकी कोणालाही सोबत नेऊ नका. गावातला प्रतिष्ठित माणूस पालाकडे येताना दिसला की तिथे काय धडकी भरते, ते तुम्ही आता समजू शकता. वह्या, कपडे, खाऊ असे काही घेऊन जाऊ नका, कारण देणगी घेऊन आलेल्या माणसाला चार शब्द सुनावता येत नाहीत, आणि त्यांना तुम्हाला चार शब्द सुनवायचे असतील तर ती मोकळीक त्यांना हवी. 'गैरसमज झाला' हा शब्द टाळा. साध्या भाषेत सांगा की त्या दिवशी वर्गात इतकी मुले असताना फक्त हिचेच दप्तर पाहिले गेले, ते ती पालावरची म्हणून पाहिले गेले, मी तिथे होते, मी थांबवायला हवे होते आणि थांबवले नाही. हे तिच्या आईवडिलांना सांगा आणि मग तेच तिच्याकडे वळून तिलाही सांगा, मोठ्यांशी बोलून तिच्या डोक्यावर हात फिरवून निघू नका.

बहुधा ते ऐकून घेतील, 'हां बाई, काय नाही बाई' म्हणतील आणि तुम्ही लवकर जावे अशी वाट पाहतील. त्याला क्षमा समजू नका. तो त्यांचा अधिकाऱ्यांशी बोलण्याचा सराव आहे. ती दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच असेही नाही. कदाचित दोन-तीनदा जावे लागेल. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत येतात आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यांना आहे (पारध्यांतल्याच राजपारधी, पालपारधी अशा काही शाखा मात्र विमुक्तांच्या यादीत आहेत आणि त्यांना ते मिळत नाही, हा आपल्या याद्यांचा न्याय). तिच्या घरच्यांना तक्रार करायची असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. 'शाळेचे नाव खराब होईल, जाऊ द्या' अशी गळ घालायला तुम्ही गेलेल्या नाही, हे स्वतःच्या मनाशी स्पष्ट ठेवूनच तिथे पाऊल टाका.

अपमान चारचौघांत झाला असेल, तर भरपाई कोपऱ्यात होत नाही. म्हणून वर्गासमोरही बोलावे लागेल, परंतु आधी तिला विचारा. पुन्हा सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळाव्यात, असे तिला अजिबात वाटत नसेल. तसे असल्यास तिचे नाव न घेता वर्गाला सांगा की त्या दिवशी एकट्या मुलीचे दप्तर तपासले ते चुकीचे होते आणि यापुढे कोणाचेही तपासले जाणार नाही. मुलांना कोणाविषयी बोलता आहात ते बरोबर कळते. सहलीचे पैसे मुलांच्या दप्तरात दिवसभर ठेवू न देता सकाळीच जमा करून पावती देण्याची व्यवस्था करा. निम्मे प्रसंग तेवढ्यानेच टळतील. एक काम मात्र कृपा करून करू नका : ती परत आली की तिला उभे करून पक्ष्यांचे आवाज काढायला किंवा पारध्यांचे गाणे म्हणायला लावू नका. चांगल्या हेतूने हे फार ठिकाणी होते. तिला अजून काही दिवस तरी मागच्या बाकावर इतरांसारखे बसू द्या, गणित चुकू द्या आणि चुकल्यावर इतरांइतकेच बोलणे खाऊ द्या.

सरांना दुखवायचे का, असे तुम्ही विचारता. त्यांच्याशी आधी एकट्याने बोला, चहाच्या वेळी, आणि 'तुम्ही चुकलात' याऐवजी 'मी गप्प बसले, ते मला खात आहे' इथून सुरुवात करा. ते वाईट गृहस्थ आहेत असे पत्रावरून वाटत नाही, आणि अशा माणसांना स्वतःहून मागे येण्याची एक संधी द्यावी. न आल्यास मुख्याध्यापकांकडे लेखी जावे लागेल. शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास जसे मनाई करते, तसे मानसिक छळासही करते, आणि सोळाव्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. तेव्हा पालावरची मुले नकोत हा ठराव व्यवस्थापन समितीने एकमताने केला तरी त्याला कागदाची किंमत नाही. बैठकीत हे भावनेने न सांगता कायद्याची प्रत टेबलावर ठेवून सांगा. त्याच कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. तुमच्या समितीत पालावरचे कोणी आहे का? नसेल, तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तो असू द्या, मग ठरावाचे बघू.

तिचे नाव हजेरीपटावरून कमी होऊ देऊ नका. महिनाभर गैरहजर म्हणून कोणी लाल शाईने रेघ मारायला निघाले, तर तुम्ही आड या. कुटुंब हललेच, तर जाण्याआधी स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड भरून तिच्या आईच्या हाती द्या आणि ते कशासाठी आहे हे समजावून सांगा. दाखला नाही किंवा जन्मतारखेचा पुरावा नाही म्हणून पुढची शाळा तिला परत पाठवू शकत नाही, आणि वयानुरूप वर्गातच बसवावे लागते, हेही सांगा. शक्य झाल्यास कार्डावर शाळेचा नंबर असतो त्याखाली तुमचा स्वतःचाही लिहा.

आणि तुमच्या कपाटातली ती वही जाताना सोबत घ्या. भेटवस्तू नेऊ नका असे मी वर म्हटले आहे, पण ही तिचीच वस्तू आहे आणि महिनाभर ती शाळेने ठेवून घेतली आहे. त्यातले जे पाठ तपासायचे राहिले असतील ते आज रात्री तपासून ठेवा, शेवटच्या पानावर तारीख घाला, आणि वही तिच्या वडिलांच्या किंवा आईच्या हातात न देता तिच्या हातात द्या.